माराकानाचा गोलरक्षक

विश्वचषक फुटबॉलचा विषय निघाला की विजेत्यांची नावं घेतली जातात. मला आठवतो तो मोआसिर बार्बोसा, ब्राझीलचा कृष्णवर्णीय गोलरक्षक.

१९३० साली उरुग्वेत अवघ्या १३ संघांनिशी ही स्पर्धा सुरू झाली. महायुद्धामुळे बारा वर्षं खंडही पडला. मग १९५० साली ब्राझीलनं ती भरवली, रिओत माराकाना हे प्रचंड स्टेडियम बांधलं. (भारतालाही तेव्हा प्रवेश मिळाला होता, आपण गेलोच नाही.) १६ जुलैला शेवटचा सामना उरुग्वेशी. बरोबरी झाली तरी चषक ब्राझीलचाच. जवळजवळ पावणेदोन लाख तिकिटं खपलेली. ब्राझीलनं पहिला गोल केला, स्कियाफिनोनं तो फेडला. ७९व्या मिनिटाला घिजिया उजवीकडून मुसंडी मारत आला. हा आता पास देणार, असं वाटून बार्बोसा किंचित पुढे सरकला आणि खांबाजवळच्या फटीतून चेंडू आत गेला. सारं स्टेडियम मुकं झालं.

ब्राझीलनं पांढरी जर्सी टाकून पिवळी घेतली. १९५८ ते २००२ या काळात पाचदा चषक जिंकला. बार्बोसाला मात्र माफी नव्हती. खापर फुटलं ते त्याच्यावर आणि बिगोडे, जुवेनाल या कृष्णवर्णीय बचावपटूंवर. संघ अकरा जणांचा, हार तिघांची! हा हिशेब मला अनोळखी वाटत नाही.

ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी तर पन्नास भोगतोय, असं तो म्हणे. २००० साली तो गेला. घिजिया गेला २०१५ साली; तारीख तीच, १६ जुलै.