सहा प्रश्नांची शिदोरी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतून हल्ली फराळाच्या ताटाभोवती एक नवा विषय निघतो. घरातली लेक म्हणते, पाठीवर पिशवी टाकून सहा महिने परदेश हिंडून येईन. आजी विचारते, एकटीच? वडील विचारतात, पैशाचे काय? आई म्हणते, आणि आजारी पडलीस तर? हा संवाद ऐकला की मला कल्याणचीच एक मुलगी आठवते.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशांकडे जन्मलेली यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची पदवी सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या प्रवासाची तयारी त्याहून मनोरंजक आहे. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात; बदल्यांपाठोपाठ अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा संसार फिरला. पहिले मूल दहाच दिवसांत गेले, आणि वैद्यक शिकण्याचा विचार तिथून मूळ धरू लागला.

बेताची सारी वाटचाल टपालातूनच झाली. गोपाळरावांनी १८७८ साली अमेरिकेतील मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते त्यांच्या मासिकात छापले गेले. पण उत्तरात मदतीपेक्षा ख्रिस्ती होण्याचा उपदेशच अधिक होता. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती ते मासिक पडले. त्यांनी पत्र धाडले, आणि एका मराठी मुलीला सातासमुद्रापलीकडे न पाहिलेली मावशी लाभली!

लोकांची कुजबुज मात्र थांबेना. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाई इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. वय अठरासुद्धा पुरे नव्हते. त्यांनी सहा प्रश्न मांडले. अमेरिकेला का जायचे? शिक्षणाची सोय इथे नाही का? एकटीनेच का? परतल्यावर वाळीत टाकले तर? संकट आले तर? आणि कुणा बाईने केले नाही ते मीच का करावे? एकटीनेच का, याचे उत्तर अगदी घरगुती होते: दोघांपुरता पैसा नाही, आणि पतीवर म्हाताऱ्या आईवडिलांचा व भावंडांचा भार आहे. वाळीत टाकण्याविषयी त्या म्हणाल्या की आपला आहार, पोशाख, धर्म आपण सोडणार नाही; बहिष्कारच घालायचा तर तो आजच का घालू नये?

७ एप्रिलला त्या मिशनरी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या.

पण माझ्या मते त्या सहांत एक सातवा प्रश्न हवा होता: माझी प्रकृती हे सोशील का? डोकेदुखी, ताप, अशक्तपणा हे निघण्यापूर्वीचेच सोबती होते; मावशींनी तिकडून औषधेही पाठवली होती. हे सारे ठाऊक असूनही त्या निघाल्या. परक्या देशातील थंडी आणि जिवापाड अभ्यास शरीराला पेलला नाही. कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणूक हाती होती. पण क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

हा प्रश्न विचारला असता तर त्या थांबल्या असत्या, असे मला वाटत नाही. पण त्यांची काळजी घेणाऱ्यांना तो कदाचित अधिक जपून विचारता आला असता. म्हणून पिशवी भरणाऱ्या लेकींनी आजीच्या व वडिलांच्या प्रश्नांना हसत उत्तर द्यावे. आईच्या प्रश्नाला मात्र बसून द्यावे. पलीकडच्या धक्क्यावर एखादी मावशीही असू द्यावी. आनंदीबाईंच्या अस्थी आजही न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. पत्रातून जुळलेले नाते इतके दूरवर टिकले.