मूल कुणाचं? आधी सांगा, कोर्ट कुठलं!

माझ्या ओळखीतले कितीतरी जण ऑनसाइटला गेले. तिथेच लग्नं झाली, मुलं झाली. व्हिसा, टॅक्स, घराचं लोन, सगळ्यावर तासन्‌तास चर्चा होते. पण उद्या संसार मोडलाच, तर मुलाचं कुठल्या देशातलं कोर्ट ठरवणार? हे कुणी विचारतच नाही. या प्रश्नाचा इतिहास थेट पुण्यातून जातो.

जानेवारी १९८६. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं जोडपं, आई अमेरिकन, वडील भारतीय. घटस्फोट झालेला. तिथल्या कोर्टाने मुलाचा ताबा आईला दिला होता, वडिलांना शनिवार-रविवारी भेटायची मुभा होती. अशाच एका भेटीच्या निमित्ताने वडिलांनी मुलाला शाळेतून घेतलं आणि गुपचूप भारत गाठला. त्यांचे आईवडील पुण्यात राहायचे. मुलाच्या आईने सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला.

न्यायमूर्ती मुलाशी चेंबरमध्ये दोनदा बोलले. कुणाकडे राहायचं हे स्वतः ठरवण्याइतका तो मोठा नाही, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी पाहिलं की याचं आयुष्य कुठे गेलंय? शाळा कुठे? भारतातले शेवटचे काही महिने सोडले, तर सगळं अमेरिकेत. त्याच वर्षी निकाल लागला: मुलाने आईकडे परत जावं, त्यातच त्याचं हित आहे.

सरळ वाटतंय ना? आता १९९७ चा निकाल बघा. याही मुलाचा जन्म अमेरिकेतला. पण इथे आई त्याला अगदी लहान असताना भारतात घेऊन आली. वडिलांच्या हातात अमेरिकन कोर्टाचा आदेश होता. सुप्रीम कोर्टाने निकाल दिला तोवर मुलगा बारा वर्षांहून जास्त काळ इथे वाढला होता. कोर्ट म्हणालं, परदेशी आदेशाचा विचार करू, पण तो शेवटचा शब्द नाही. आधी मुलाचं हित. मुलगा आईकडेच राहिला.

दोन्हीकडे कसोटी एकच, निकाल उलटे. मधला मोठा फरक वेळेचा.

नेमका हाच घोळ टाळायला १९८० चा हेग करार आला. सोळा वर्षांखालचं मूल चुकीच्या पद्धतीने दुसऱ्या देशात नेलं, तर ते आधी परत पाठवायचं. ताबा कुणाचा, हे तिथलं कोर्ट ठरवेल. निर्णयासाठी अपेक्षा सहा आठवड्यांची. जपानसुद्धा २०१४ मध्ये त्यात आला. भारत मात्र अजून बाहेरच आहे. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हा म्हणून सांगितलं, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही झाला. पण मारहाणीतून सुटून माहेरी आलेल्या बाईला मुलासकट परत जावं लागेल, ही भीती आडवी आली. ती भीती खोटी नाही. मुलाला गंभीर धोका असेल तर न पाठवण्याची सूट करारात आहे, पण धोका सिद्ध करायचा कसा, आणि कुणी?

आज आपली कोर्टं पालकत्वासाठी १८९० चा कायदा वापरतात. तेव्हा विमानं नव्हती!

मला वाटतं, करारात जायचं की नाही यावर वाद जरूर घाला. पण तारखांवर तारखा पडत राहिल्या, तर न्यायाधीशाच्या आधी कॅलेंडरच निकाल देतं. आणि मोठं व्हायला मूल काही थांबत नाही.