आत्याचा वार आणि ६ वाजून ४० मिनिटं

सोलापूरला चादरींचं गाव म्हणतात, पण तारखांचं गाव म्हटलं तरी चालेल. महाराष्ट्रात घरोघरी खुंटीला जे दाते पंचांग लटकलेलं असतं ते इथलंच. नानाशास्त्री दात्यांनी ते शके १८३८ मध्ये, म्हणजे १९१६-१७ साली सुरू केलं आणि अजूनही ते सोलापुरातूनच निघतं. तारखांच्या धंद्यातल्या घराण्याचं आडनाव 'दाते' असावं, यावर इंग्रजी शाळेतली पोरं काय काय कोट्या करतात ते इथे सांगत नाही. असो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळ. ती संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं आणि जन्मतारखांसाठी मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली. माणसाचं नाव, तारीख, वेळ घातली की तिथी, वार आणि वय काढून द्यायचं, बस्स. वाटतं दोन तासांचं काम. पण वेळ म्हणजे नुसता आकडा नसतो, तो आकडा कोणाच्या घड्याळातला हेही विचारावं लागतं, आणि तिथून पुढे सगळा इतिहासच सुरू होतो.

संगणक वेळ कशी मोजतो हे ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १९७० ला ग्रिनिचच्या मध्यरात्री (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच) त्याचा शून्य सेकंद. तिथून पुढे सेकंद मोजत जायचं, त्याआधीचं सगळं उणे. ही कल्पना आधुनिक वाटते, पण आपल्या गणकांना ती चांगली परिचयाची होती. ते सेकंदांऐवजी दिवस मोजत आणि त्या मोजणीला 'अहर्गण' म्हणत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला. त्यात त्याने आपला शून्य शके १४४२ ला धरला आणि आकडे फुगू नयेत म्हणून ४०१६ दिवसांचं, म्हणजे साधारण ११ वर्षांचं, एकेक 'चक्र' पाडलं. चक्रं वेगळी, उरलेले दिवस वेगळे, म्हणजे हाताने गुणाकार करणाऱ्याचा जीव जात नाही. जुन्या ३२ बिटांच्या संगणकांचा सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला सकाळी (आपल्या) ८ वाजून ४४ मिनिटांनी भरून वाहणार आहे. त्या मंडळींनी गणेश दैवज्ञाला विचारायला हवं होतं :-)

मोजणी सोपी आहे. घोळ होतो तो त्या मोजणीचं घड्याळातल्या वेळेत रूपांतर करताना. त्यासाठी जगातल्या बहुतेक संगणकांत एक तक्ता असतो. कोणत्या भागात कधी कोणती वेळ चालत होती ते त्यात लिहिलेलं आहे. भारताची नोंद त्यात 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. आपण सोलापुरात बसून कोलकात्याची वेळ का मागायची, तर त्या भागातलं सर्वांत मोठं शहर घ्यायचं असा त्यांचा प्रघात. १९७० नंतरसाठी काहीच बिघडत नाही, कारण तेव्हापासून अख्ख्या देशाची वेळ एकच आहे. त्याआधीची जी नोंद आहे ती मात्र त्या नावाच्या शहराची. तुमच्या-आमच्या गावाची असेलच असं नाही, आणि तक्ता करणारेही तसा दावा करत नाहीत.

सोलापूरचंच बघा. रेखांश जवळजवळ ७६ पूर्व. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सोलापूरची स्वतःची वेळ आजच्या भारतीय वेळेपेक्षा सुमारे २६ मिनिटं मागे. १८६० साली इथे रेल्वे आली, आणि पुढे दहाएक वर्षांत देशभरच्या गाड्या मद्रासच्या वेळेने धावू लागल्या. मद्रासची वेळ सोलापूरच्या सूर्यापेक्षा १७-१८ मिनिटं पुढे. ज्या इलाख्यात सोलापूर होतं त्याच्या राजधानीची, म्हणजे मुंबईची वेळ सोलापूरच्या बारा मिनिटं मागे. गावात एक वेळ, स्टेशनात दुसरी, राजधानीत तिसरी! १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची 'स्टँडर्ड' वेळ आली, पण मुंबईकरांनी ती मनापासून घेतली नाही. ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई टाइम' तिथे काही ठिकाणी १९५५ पर्यंत चालत होती. यातलं मुंबईचं प्रकरण त्या तक्त्यात नाहीच.

आता मूळ मुद्दा. आमच्या एका आत्याचा जन्म १९४४ चा, सोलापुरातला. तिच्या वारावरून घरात कित्येक वर्षं वाद. आजोबांच्या वहीत लिहिलंय 'शके १८६६, कार्तिक मास, बुधवार, सकाळी ६ वा. ४० मि., नवा टाइम'. शाळेच्या दाखल्यावरची इंग्रजी तारीख मात्र गुरुवारी पडते. मोठे काका म्हणायचे, दाखला चूक, शाळेत घालताना कोणीतरी अंदाजाने सांगितलं असेल. धाकटे काका म्हणायचे, वही नंतर आठवून लिहिलीय. आता आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब निघाला तसा वाद पुन्हा वर आला. (हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने, हवं तर करून पाहा.)

पंचांगाचा दिवस मध्यरात्री नाही, सूर्योदयाला बदलतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. बुधवारी रात्री झोपून गुरुवारी पहाटे चारला उठलात तर इंग्रजी तारीख बदललेली असते, पंचांगाचा वार मात्र अजून बुधवारच. म्हणजे जन्म सूर्योदयाआधीचा असेल तर वही आणि दाखला दोन्ही खरे. पण कार्तिकात सोलापूरला सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो. ६ वाजून ४० मिनिटं म्हणजे सूर्य वर आलेला, गुरुवार सुरू झालेला. इथेच मोठ्या काकांचा मुद्दा पक्का व्हायचा.

दाखल्यावरची तारीख आणि वहीतली वेळ स्क्रिप्टला दिली. तिने ती ग्रिनिचची करून सांगितली: रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं. म्हणजे साडेपाच नाही, साडेसहा तास वजा केले होते. तक्ता उघडून बघितला तर त्यात स्वच्छ लिहिलेलं: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, एक तास पुढे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशाची घड्याळं तासभर पुढे सरकवली होती, ती वेळ. जुन्या ज्योतिषांना ही गोष्ट पाठ असते. त्या तीन वर्षांतली पत्रिका आली की ते आधी विचारतात, वेळ युद्धाची की नेहमीची? म्हणजे वहीतले ६-४० हे आजच्या हिशेबाने ५-४०. सूर्योदयाला अजून पाऊण तास होता. वार बुधवार, तारीख गुरुवारची.

पण एवढ्यावर मी विश्वास ठेवला असता तर ते कोलकात्याच्या तक्त्यावर भिस्त ठेवण्यासारखंच झालं असतं. त्याच तक्त्यात ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ असाही एक पुढे ढकललेला तास आहे. तो कोलकात्याच्या नावावरचा, तो सोलापुरात पाळला असं धरून चालता येत नाही. शिवाय 'नवा टाइम' म्हणजे नक्की काय? १९०६ नंतर जुन्या माणसांच्या तोंडी स्टँडर्ड टाइमलाही 'नवा' म्हणत असणार, आणि आजोबा तर तसे जुनेच.

मग वही सगळीच वाचून काढली. एकूण अकरा जन्म आहेत, १९३१ पासून १९५२ पर्यंत. 'नवा टाइम' हे शब्द फक्त दोन नोंदींपुढे आहेत: एक १९४३ ची, दुसरी आत्याची. १९४१ च्या नोंदीत नाहीत, १९४६ च्या नोंदीत नाहीत. तो स्टँडर्ड टाइम असता तर सगळ्याच नोंदींपुढे दिसला असता. माझ्या मते एवढं पुरेसं आहे. आजोबा घड्याळाप्रमाणे लिहीत होते, आणि घड्याळ सरकारचं आहे, सूर्याचं नाही, याची आठवण म्हणून ते दोन शब्द पुढे जोडत होते. गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक न कळला तरच नवल.

स्क्रिप्टमध्ये मग मी एक जादा रकाना केला, वहीतले मूळ शब्द जसेच्या तसे ठेवायला. हिशेबाची वेळ शेजारच्या रकान्यात. तिथीचा भाग अजून अर्धाच आहे. ती चंद्र-सूर्यातल्या बारा-बारा अंशांनी बदलते, कधी १९ तासांत तर कधी २६, आणि अधिकमासात जन्मलेल्या माणसाचा वाढदिवस दरवर्षी कुठे धरायचा हे घरातल्या थोरांनीच ठरवायचं आहे. तोवर संक्रांतीसाठीही '१४ जानेवारी' असं थेट लिहून ठेवलेलं नाही. गड्ड्याच्या यात्रेला जाणाऱ्या सोलापूरकराला १५ ची संक्रांत नवी नाही, आणि विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, तेव्हा ती १२ जानेवारीला होती. साधारण ७० वर्षांत एक दिवस, अशी ती पुढे सरकते.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुमच्याकडच्या वह्यांत सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधले जन्म असतील तर वेळेच्या पुढेमागे काय लिहिलंय ते नीट बघा आणि त्या पानाचा फोटो पाठवा. नुसती वेळ टाइप करून पाठवू नका. अक्कलकोटच्या मंडळींकडे अशा निदान तीन नोंदी असाव्यात असं आत्या म्हणते.