खाणीतलं पान

गोंडवन म्हटलं की आमच्या बालाघाट-मंडल्याकडे राणी दुर्गावती आठवते, देवगडचे गोंड राजे आठवतात, नागपूरकर भोसल्यांचा अंमल आठवतो. बी. ए.ला इतिहास घेतला होता तेव्हा मीही एवढंच शिकले. पण याच शब्दाला जगाच्या नकाशावर फार मोठी जागा आहे, आणि ती त्याला मिळवून दिली दगडखाणीतल्या एका पानाने. या पानाच्या मागे ज्यांनी उन्हातान्हाचे दिवस घालवले, त्यांच्यापैकी बहुतेकांचं पोट काही दगडांवर चालत नव्हतं. कोणी पाद्री, कोणी डॉक्टर, कोणी पलटणीतला इंजिनिअर, कोणी सरकारी आकडेमोड करणारा. त्यांचीच ही हकिकत. आणि ज्यांचं पोट खरोखरच दगडांवर चाललं, त्यांचीही.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री १८४५ मध्ये नागपूरला आले. तेव्हा गादीवर भोसले होते. आपला बालाघाट जिल्हा तर अजून जन्मायचा होता, तो झाला १८६७ साली. हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये शाळा काढली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढे त्यांच्या मदतीला रॉबर्ट हंटर आले. ही दोघं धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरत, आणि फिरताना त्यांची नजर पायाखाली असे.

१८५१ मध्ये असेच दोघं टाकळीकडे फिरायला गेले. टाकळी तेव्हा नागपूरबाहेर होती, आज शहराच्या पोटात आहे. तिथे एका दगडात त्यांना गोड्या पाण्यातला शंख दिसला. शंख म्हणजे काही नवल नाही. पण हा लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये दबलेल्या मातीत होता, आणि पार दगड झालेला. म्हणजे एकदा लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात जीव वाढले, आणि पुन्हा लाव्ह्याने सगळं झाकून टाकलं. हे घडलं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आपण स्वाध्यायात पल्योपम-सागरोपमाची गणितं ऐकत मोठ्या झालेल्या बायका, आपल्याला कोटी-दोन कोटींचं भय नाही! पण तेव्हाच्या युरोपात जगाचं वय काही हजार वर्षं मानणारे लोक पुष्कळ होते. त्या पाद्र्यांनी मात्र दगड बाजूला सारला नाही. पुढे त्याच थरात फळं, बिया, अगदी किड्यांचे पंखसुद्धा सापडले.

मग त्यांना छंदच जडला. कामठीच्या छावणीत सँकी नावाचा तरुण लष्करी इंजिनिअर होता. बंगळूरचा सँकी तलाव ज्याच्या नावाचा, तोच हा. त्यालाही दगडांचं वेड. कामठीजवळ सिलेवाड्याला वालुकाश्माच्या खाणी होत्या. बांधकामासाठी तिथून दगड निघे, आणि दगडाच्या पदरांमध्ये पानं निघत.

खाणीत असं पान कसं शोधतात ते सांगते. हा दगड पुरणपोळीसारखा एकजीव नसतो. खाजासारखा पदरापदराचा असतो. घण घालून त्याचा भुगा करायचा नाही. चपटी छिन्नी दोन पदरांच्या मधल्या रेषेवर ठेवायची आणि हलके ठोके द्यायचे. दगड पुस्तकासारखा उघडतो. पन्नास दगड उघडावेत तेव्हा एखाद्यात काही असतं. जे दिसेल ते कापडाने पुसायचं नाही, कागदात गुंडाळायचं आणि लगेच चिठ्ठी लिहायची: गाव कोणतं, खाण कोणती, वरून कितवा थर. दोन्ही तुकडे जपायचे, कारण एकावर पान उमटतं तर दुसऱ्यावर त्याचा ठसा. दिवसाअखेरी हाताला फोड येतात, डोळ्यांत धूळ जाते आणि पिशवीत चार दगड असतात.

सिलेवाड्याच्या त्या पानांत जिभेच्या आकाराचं एक पान होतं. मधोमध जाड शीर आणि दोन्हीकडे जाळीसारख्या बारीक शिरा. त्याचं नाव ग्लॉसॉप्टेरिस. ग्रीक भाषेत ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. ही झाडं सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी या जगातून गेली. पण जाताना आपल्याला कोळसा देऊन गेली. उमरेड, चंद्रपूर, पेंच-कन्हानचा कोळसा म्हणजे याच झाडांची जंगलं. सिलेवाड्याच्या शेजारीच कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं आहेत. नागपूरकडच्या मैत्रिणीने सकाळी चटणीसाठी मिक्सर फिरवला, तर त्यामागे ते पान असतंच.

पेट्या भरभरून दगड बोटीने लंडनला गेले. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या दगडांवरचा लेख १८५५ मध्ये तिथल्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या लाल दगडात मिळालेली एक कवटी रिचर्ड ओवेन यांनी तपासली. हे ओवेन म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे. ती कवटी बेडकाच्या दूरच्या गणगोतातली निघाली. पानांचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केला.

तशीच पानं ऑस्ट्रेलियात निघत होती, दक्षिण आफ्रिकेतही निघत होती. मधे एवढे समुद्र, मग झाड एकच कसं? भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये आपल्याकडच्या या खडकांना नाव दिलं होतं ‘गोंडवाना’. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी तेच नाव उचललं आणि दक्षिणेकडच्या त्या प्राचीन अखंड भूमीला म्हटलं ‘गोंडवानालँड’. गोंडांच्या मुलखाचं नाव आज जगातली शाळकरी मुलं घोकतात. आपल्या मुलांना ते आपल्या गावचं नाव आहे हे ठाऊक असतं का, एकदा विचारून पाहा.

एक पुरावा अजून बाकी होता, अंटार्क्टिकाचा. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतत होते. ८ फेब्रुवारी १९१२ रोजी, अन्न संपत आलेलं, एक साथीदार आजारी, अशा स्थितीत त्यांनी एका कड्याखाली थांबून दगड गोळा केले. पुढाकार एडवर्ड विल्सन यांचा. शिक्षणाने ते डॉक्टर. पाचांपैकी एकही घरी परतला नाही. नोव्हेंबरात तंबूत तीन देह सापडले आणि जवळच सुमारे सोळा किलो दगड. चालवत नव्हतं, तरी ते ओझं त्यांनी टाकलं नव्हतं. त्या दगडांत निघालेल्या पानाची ओळख पटली ती ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’ अशी. आपल्या सिलेवाड्याच्या पानाचं सख्खं भावंड.

हिस्लॉप यांचा शेवटही अशाच एका दिवसाने झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. तिथली शाळा पाहण्यासाठी ते मागे थांबले आणि अंधार पडल्यावर एकटेच बोरीकडे निघाले. पावसाने नाला फुगला होता. मुक्कामावर घोडा परतला, स्वार परतला नाही. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यांनी जमवलेली गोंडांची गाणी आणि टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली.

आमच्या शेजारच्या मुलखातली गोष्ट तर आपल्या हयातीतली. शहापुऱ्याजवळचं घुघुआ हे गाव आता दिंडोरी जिल्ह्यात आहे, तेव्हा मंडल्यात होतं. १९७० नंतरच्या वर्षांत मंडल्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी तिथली दगड झालेली झाडं हेरली. नोकरी आकड्यांची, नजर मात्र जमिनीवर. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या अभ्यासकांनी ती तपासली. ताडाच्या जातीची खोडं निघाली, आणि निलगिरीच्या कुळातलं लाकूडही. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाकडची; पुन्हा तेच गोंडवानाचं नातं! त्या लाकडाचं शास्त्रीय नाव ‘युकॅलिप्टस धर्मेंद्रे’. १९८३ मध्ये तिथे जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झालं. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरच्या एका डायनोसॉरचं नाव ‘जैनोसॉरस’ आहे, हे ऐकून आमच्या महिला मंडळात हशा पिकला होता. ते कोलकात्याचे जीवाश्मतज्ज्ञ सोहनलाल जैन यांच्या सन्मानार्थ दिलेलं आहे.

नावं अशी राहतात. पण कोणाची राहतात?

इंग्लंडच्या मेरी ॲनिंगने सुताराच्या घरात जन्म घेऊन समुद्रकाठच्या कड्यांतून प्रचंड सरड्यांचे सांगाडे काढले. विद्वान ते विकत घेत आणि लेख आपल्या नावाने लिहीत. ज्या जिऑलॉजिकल सोसायटीने हिस्लॉप यांचा लेख छापला, तिने बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच वारली होती.

आणि आपल्याकडे? टाकळीच्या बाजूलाच नागपुरात गिट्टीखदान नावाची वस्ती आहे. गिट्टी फोडणाऱ्यांचं नाव गावाला मिळालं, माणसांना नाही. सिलेवाड्याच्या खाणीत हिस्लॉप पोचण्याआधी तिथल्या मजुरांनी ती पानं हजारदा पाहिली असतील. घमेलं डोक्यावर घेणाऱ्या बाईने दगड उलटला असेल, आतलं पान पाहिलं असेल, आणि ठेकेदाराच्या हाकेसरशी तो ढिगावर टाकला असेल. तिला छंद परवडणारा नव्हता. आता तर घणही गेला. क्रशरमध्ये डंपर रिकामा होतो आणि पंचवीस कोटी वर्षांची गिट्टी अर्ध्या मिनिटात तयार होते.

बालाघाटच्या मँगनीजच्या खडकात पान मिळणार नाही, तो खडक पानाफुलांच्याही आधीचा. पण ओट्याची फरशी, विहिरीचा उपसा, रस्त्याकडेचा ढीग आपल्या नजरेखालून जातोच. घुघुआला गेलात तर खडाही उचलू नका, कायदा आहे. मात्र घराच्या कामात, विकत आणलेल्या दगडात काही उमटलेलं दिसलं, तर ते ॲसिडने धुऊन शोकेसमध्ये ठेवू नका. जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवा. सोबत चिठ्ठी लिहा: गाव, खाण, तारीख. चिठ्ठीवाचून दगड मुका असतो. आणि ज्या बाईच्या हाती तो आधी आला, तिला नाव विचारून तेही त्याच चिठ्ठीवर लिहा.