हात न्यूयॉर्कला, रोगी स्ट्रासबुर्गला

शस्त्रक्रिया करणारा यंत्रमानव म्हटले की सुरी घेतलेला लोखंडी डॉक्टर आपल्या डोळ्यांपुढे येतो. आरंभ मात्र बराच साधा होता. १९८५ साली कॅलिफोर्नियात 'प्यूमा ५६०' हा मुळात कारखान्यासाठी बनवलेला यांत्रिक हात मेंदूतील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढताना वापरला गेला. सीटी स्कॅनवरून जागा ठरवायची आणि सुईची दिशा यंत्राने अचूक धरून ठेवायची, एवढेच त्याचे काम. १९९२ मध्ये 'रोबोडॉक'ने कृत्रिम खुबा बसवण्यासाठी मांडीचे हाड आतून कोरले. हाड घट्ट पकडून ठेवता येते, त्यामुळे आधी आखलेला आराखडा तिथे चालतो. पोटातले अवयव श्वासाबरोबर हलतात, दाबले की सरकतात. तिथे क्षणोक्षणी निर्णय घेणारा माणूसच लागतो.

पण तो माणूस रोग्याजवळच हवा का? अमेरिकी सैन्याला या प्रश्नात रस होता. जखमी सैनिक इस्पितळात पोहोचण्याआधीच रक्तस्रावाने दगावतात. शल्यविशारदाने सुरक्षित जागी बसून दुरून उपकरणे चालवली तर? कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेच्या संशोधनाला त्यातून पाठबळ मिळाले. गंमत अशी, की त्याच तंत्राचा वारसा सांगणारे 'दा विंची' यंत्र रणांगणाऐवजी शहरांतल्या इस्पितळांत गेले. जुलै २००० मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. यात शल्यविशारद बसतो तो त्याच दालनात, रोग्यापासून काही पावलांवर!

दूर बसण्याची परीक्षा ७ सप्टेंबर २००१ रोजी झाली. झाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले आणि फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ६८ वर्षांच्या एका स्त्रीचे पित्ताशय त्यांनी 'झ्यूस' यंत्राच्या साहाय्याने काढले. वेळ लागला ५४ मिनिटे. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या लिंडबर्गचे नाव या शस्त्रक्रियेला दिले होते. चारच दिवसांनी न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले.

यातली खरी अडचण उशिराची. आपण हात हलवला, की आज्ञा समुद्रापार जाते, तिथले उपकरण हलते, मग त्याचे चित्र परत येते. तोवर आपण पाहतो ते सारे जुने! हे गणित वर्गात सहज करता येईल. जाऊन-येऊन अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. प्रकाशतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. म्हणजे किमान ०.०७ सेकंद लागणारच. प्रत्यक्षात प्रवासाला ०.०८५ सेकंद लागले. चित्राचे संकेतांत रूपांतर करून ते पुन्हा उलगडण्यात आणखी ०.०७ सेकंद गेले. एकूण उशीर सुमारे ०.१५५ सेकंद. आधीच्या प्रयोगांवरून सुरक्षित मर्यादा ०.३३ सेकंदांच्या आसपास ठरवलेली होती.

आता हेच भूस्थिर उपग्रहामार्फत करून पाहू. तो ३६,००० किलोमीटर उंचावर. आज्ञा वर जाऊन खाली येणार, चित्रही तसेच. एकूण १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाच्या पूर्ण वेगानेही ०.४८ सेकंद! ज्या ओसाड मुलखात सैनिक जखमी होतो, तिथे समुद्रतळावरून आलेली तार नसते. म्हणून मूळ प्रश्न सुटायला इतका अवघड गेला.

आणि तार तुटली असती तर? त्यासाठी स्ट्रासबुर्गच्या दालनात रोग्याजवळ शल्यविशारद हातमोजे घालून उभे होते.