जुन्या नौकेचे न्याय्य मोल

नौका जुनी झाली म्हणजे तिचे मोल काय धरावे, हा प्रश्न आपल्या दर्यावर्दी समाजात पिढ्यान्‌पिढ्या निघत आला आहे. भावाभावांची वाटणी असो वा एका नाखव्याने दुसऱ्यास मचवा विकणे असो, भावावरून मने दुखावतात, प्रसंगी सोयरिकीही तुटतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक व विमा उतरविणारे जमत असत. लॉइडच्या पश्चात, १७६० साली, तेथील मंडळींनी जहाजांची नोंदवही ठेवण्यासाठी संस्था काढली. तिच्या आरंभीच्या वहीत सांगाड्याची प्रत इंग्रजी स्वरांनी दर्शवीत. साजसरंजाम चांगला, मध्यम की वाईट, हे निराळे लिहीत. सांगाडा व सरंजाम यांची पारख वेगवेगळी करावी, हे तत्त्व त्यात होते.

पुढे मात्र जहाज कोठे बांधले व किती वर्षांचे झाले, यांवरच प्रत ठरू लागली. टेम्स नदीकाठच्या बांधणीस झुकते माप मिळे. उत्तम निगा राखलेले जहाजही वय झाले की खालच्या प्रतीत जाई. या अन्यायास कंटाळून मालकांनी १७९९ साली आपली स्वतंत्र नोंदवही काढली. विमेवाल्यांचे हिरवे व मालकांचे तांबडे अशी दोन पुस्तके कित्येक वर्षे चालली. अखेर १८३४ साली उभयपक्ष एक झाले, आणि तपासनीसाने केलेल्या प्रत्यक्ष पाहणीस महत्त्व आले.

केवळ वयावर विसंबल्याने काय होते, याचा दाखला आपल्या मुंबईचाच आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. १८९७ साली, ऐंशी वर्षांची झाल्यावर, ती मोडीच्या व्यापाऱ्यास विकली गेली. परंतु व्हीटली कॉब नामक गृहस्थाने ती मोडू न देता विकत घेतली व डागडुजी करून मुलांना नौकानयन शिकविण्यास लाविली. तीच नौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. एकाने तिच्यात मोडीचे लाकूड पाहिले, दुसऱ्याने नौका पाहिली!

यावरून आम्हांस असे वाटते की, सौदा करताना सांगाडा, इंजिन आणि जाळी-नांगरादी सरंजाम यांची किंमत निरनिराळी धरावी. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हाच तिचा तळ पाहावा. ताज्या रंगावर भुलू नये. फळ्या धड असल्या तरी खिळे गंजले आहेत काय, सांधे सैल झाले आहेत काय, लाकूड किड्याने पोखरले आहे काय, हे जाणत्या सुताराकडून तपासून घ्यावे. दुरुस्तीस लागणारा खर्च किमतीतून वजा करावा. पण मालकाने नुकत्याच केलेल्या चांगल्या दुरुस्तीचे मोलही त्यास द्यावे. ठरलेले सर्व साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावे.

विकणाऱ्याचे कष्ट त्या नौकेत मुरलेले असतात आणि घेणाऱ्याचे प्राण पुढे तिच्यावरच अवलंबून असतात. तेव्हा विकणाऱ्याने दोष झाकू नयेत, आणि घेणाऱ्याने वयाचे निमित्त करून भाव पाडू नये. दोघांनाही पुन्हा एकाच बंदरात भेटावयाचे असते, याचा विसर न पडो.