धिंड काढणाऱ्याची धिंड

तोंडाला काळं फासून, गाढवावर बसवून धिंड काढायची पद्धत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. इंग्लंडात त्यासाठी भर चौकात लाकडी चौकट असायची. मान आणि हात त्यात अडकवायचे, मग येणारे-जाणारे हाताला लागेल ते फेकून मारायचे. १८३७ साली ही शिक्षा तिथे रद्द झाली. या जुन्या प्रकारात एक गोष्ट पक्की असायची: चौकटीत कोण आणि मारणारे कोण, हे आधीच ठरलेलं. सोशल मीडियावर मात्र पाहता पाहता जागा बदलतात.

पहिला किस्सा २०१२ चा. अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या हॉटेल साखळीच्या मालकांपैकी एकाने समलिंगी विवाहाच्या विरोधात विधानं केली. त्यावर बहिष्काराची हाक आली आणि उत्तर म्हणून १ ऑगस्टला पाठीराख्यांनी तिथे जेवायला गर्दी केली. त्याच दिवशी ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात एका कंपनीचा सीएफओ गाडी घेऊन खिडकीपाशी गेला आणि फुकटचं पाणी मागून तिथल्या मुलीला सुनवायला लागला, की असल्या ठिकाणी तू काम तरी कशी करतेस? ती बिचारी शेवटपर्यंत नम्रपणे बोलत राहिली. साहेबांनी स्वतःच शूट केलेला व्हिडिओ स्वतःच यूट्यूबवर टाकला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. पुढे मिळालेली एक नोकरीही हा व्हिडिओ कळल्यावर गेली. मुद्दा मालकाच्या मतांचा होता, बोलणी खाल्ली काउंटरवरच्या मुलीने!

दुसरा किस्सा आपल्या क्षेत्रातला, म्हणून जास्त बोचणारा. मार्च २०१३, सांता क्लारा, पायकॉन परिषद. मागच्या रांगेत दोन प्रोग्रॅमर 'डाँगल' शब्दावरून चावट विनोद करत होते. पुढे बसलेल्या एका महिलेने वळून त्यांचा फोटो काढला आणि ट्विटरवर टाकला. आयोजकांनी दोघांना बाजूला घेऊन समज दिली, त्यांनी माफी मागितली. खरं तर इथे विषय संपायला हवा होता. पण फोटो तोवर जगभर गेला होता. दोघांपैकी एकाला त्याच्या कंपनीने, प्लेहेवनने, काढून टाकलं. आपल्याला तीन मुलं आहेत असं त्याने नेटवर लिहिलं, आणि जमाव उलटला. त्या बाईंना बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांच्या कंपनीच्या, सेंडग्रिडच्या, सर्व्हरवर डीडीओएस हल्ला झाला. २१ मार्चला सेंडग्रिडने त्यांनाही काढलं.

कंपनीने दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे. बाई डेव्हलपर इव्हँजेलिस्ट होत्या, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमर लोकांना जोडून ठेवणं हेच त्यांचं काम. कंपनीचं म्हणणं, तक्रार करणं चूक नव्हतं, चारचौघांत फोटो लावणं चूक होतं. आता समाजात फूट पडली, त्यामुळे त्या हे काम करू शकत नाहीत. थोडक्यात, धिंड काढणं हीच कामातली अपात्रता ठरली. अमेरिकेत बहुतेक खासगी नोकऱ्या मालकाच्या मर्जीवर असतात, त्यामुळे चौकशी, नोटीस वगैरे भानगडच नाही.

इथे हिशोब बरोबरीत सुटला असं कुणाला वाटेल. तसं नाही. जॉन रॉन्सन या पत्रकाराने २०१५ च्या आपल्या पुस्तकासाठी दोघांचीही भेट घेतली, तेव्हा त्या प्रोग्रॅमरला नवी नोकरी लागलेली होती, बाईंना नव्हती. धमक्यांचा जोरही त्यांच्याच वाट्याला जास्त. म्हणजे तक्रार खरी असली तरी जमाव न्याय करत नाही. जो हाताशी सापडेल आणि ज्याच्यामागे उभं राहायला कुणी नसेल, त्याला झोडपतो.

मग गप्प बसायचं का? अजिबात नाही. त्या दिवशी आयोजकांनी काही वेळातच दखल घेतली होती, हे विसरू नये. जिथे ऐकणारा कुणी आहे तिथे आधी त्याच्याकडे जावं. कुणी दादच देत नसेल तर जाहीर बोलावं लागतं, पण मग बोट त्या दाद न देणाऱ्या संस्थेकडे असावं, काउंटरवरच्या पोरीकडे नाही. अनोळखी माणसाचा चेहरा जमावापुढे टाकला, की पुढचा चेहरा कुणाचा हे आपल्या हातात राहत नाही.